पुसलं कुणी?

"सरोज, फोनला हात लावला होतास तू?"

"लावला की. अकराला कीर्तन असतं. रोज तुम्ही लावून देता, आज माझं मी लावलं." ती परातीत कणीक तिंबत होती. मान वर न करता म्हणाली, "का हो अक्का? बिघडला का काय?"

"नाही. सहज विचारलं."

सहज कसलं? सकाळचे दोन तास बसून, एका बोटानं एकेक अक्षर शोधत मी बावीस ओळी लिहिल्या होत्या. चष्मा पुसायला आणि चहा घ्यायला उठले, मग कीर्तन झालं, परत येऊन पान उघडलं तर चौकट कोरी. वर 'आपली आठवण इथे लिहा', खाली 'पाठवा', मधे नुसतं पांढरं. आठ दिवसांतली ही तिसरी वेळ.

सरोज माझी धाकटी जाऊ. तेव्हा ती सदुसष्टची होती, मी बहात्तरची. आमचे दोघींचेही नवरे गेलेले. साताऱ्यात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्या घरात आम्ही दोघीच राहायचो, आणि दोघींत मिळून तो एक फोन. माझ्या मुलीनं, नीलिमानं, पुण्याहून पाठवलेला. सकाळी माझ्याकडं, अकरा ते बारा सरोजकडं कीर्तनाला, दुपारी तिच्या माहेरच्यांशी बोलायला, संध्याकाळी नीलिमा फोन करायची तेव्हा दोघींच्या मधे. आमच्यात कुणाचं काही लपवण्यासारखं नाही, असं नीलिमा म्हणायची, म्हणून फोनला कुलूपही नव्हतं.

मी साताऱ्याच्या ट्रंक एक्सचेंजमधे तीस वर्षं ऑपरेटर होते. आम्हा निवृत्तांच्या मंडळानं त्या वर्षी एक वेबसाईट काढली होती. ज्यानं त्यानं आपली एक आठवण लिहून पाठवायची, महिनाअखेर शेवटची तारीख. माझ्याबरोबरच्या बोधेबाईंनी तर दोन पाठवल्या होत्या.

मी जे लिहीत होते त्यात सरोजचं नाव नव्हतं. पण तिनं ते वाचलं असतं तर दुसऱ्याच ओळीला तिला कळलं असतं, की ही बाई मीच.

म्हणून तर संशय.

ऑपरेटरचा कान वाईट असतो. लाईनवर कुणी तिसरा ऐकत असला की आवाज जरासा पोकळ येतो, तो आम्हाला लगेच कळायचा. तसंच मला त्या आठवड्यात घरात वाटायला लागलं. सरोज बोलायची नेहमीसारखीच, पण मला त्यात पोकळपणा ऐकू यायचा. "अक्का, काय एवढं लिहिताय?" हे तिनं आधीही विचारलं होतं. आता ते मला उलटतपासणीसारखं वाटलं.

"एक्सचेंजचं," मी म्हणाले.

"साप निघाला होता ते लिहा. मला आवडतं ते."

साप लिही. म्हणजे दुसरं काही लिहू नकोस, असंच ना?

नीलिमा वर्षभर मागे लागली होती, आई, इकडं ये. मी सरोजमुळं अडले होते. तिला मूलबाळ नाही. मी गेले तर ती एकटी पडणार. नीलिमाला मी महिनाअखेर सांगते म्हणाले होते. आता मी मनाशी ठरवलं, जर हे सरोजच पुसत असेल, तर मी पुण्याला जाईन. माझं लिहिलेलं चोरून वाचणारी आणि पुसून पुन्हा समोर बसून भाकरी वाढणारी बाई मला चालणार नव्हती.

मी आधी पुरावा गोळा केला. सरोज देवळात गेली असताना सापाची आठवण लिहून काढली. दहा ओळी, एका दमात, जागची न हलता. 'पाठवा' दाबलं. गेली. काही झालं नाही. बोधेबाईंचा अंगठाही आला.

दुसऱ्या दिवशी ती दुसरी आठवण चौथ्यांदा लिहायला घेतली. अर्धी झाल्यावर मुद्दाम फोन टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाले, "सरोज, मी अंघोळीला जाते गं."

अंघोळ करून आले. सरोज फोनवर भावाच्या नातवाला हसवत होती. तिचं आटोपल्यावर मी फोन घेतला. पान उघडलं. क्षणभर सगळं पांढरं झालं, वरून एक निळी रेघ सरकत गेली आणि चौकट कोरी.

सापाला धक्का नाही आणि हे तेवढं जातं. आणखी काय पुरावा पाहिजे?

"सरोज," मी म्हणाले, "चारदा झालं. आता पुरे."

"काय चारदा?"

"मी लिहिते आणि तू पुसतेस."

ती फोडणीचा डबा हातात धरून माझ्याकडं बघत राहिली. मग हसली. "अक्का, मला कीर्तन लावायला येतं तेच खूप आहे. पुसायचं कुठलं बटण असतं, दाखवा तरी मला."

"नाटक करू नकोस. वाचलंस तू ते. वाचलंस म्हणूनच पुसलंस. तुझं नाव मी कुठंही घातलेलं नाही, माहितीये? एवढी काळजी मी घेतली होती."

तिचं हसू गेलं.

"माझं नाव? कशात?"

मी बोलून बसले होते तेच जास्त होतं.

"कशात माझं नाव, अक्का?"

"जाऊ दे."

"जाऊ कसं दे? चव्वेचाळीस वर्षं झाली मला ह्या घरात. सासूबाईंनी साखरेच्या डब्याला सुद्धा माझ्यामुळं कधी कुलूप लावलं नाही. आणि तुम्ही मला चोर म्हणता?" तिनं डबा ओट्यावर ठेवला, गॅस बंद केला, पदर खोचलेला सोडला. "चपला घाला. बागवानकडं जाऊ. तो सांगेल कुणी पुसलं ते."

बागवानचं दुकान मोती चौकाच्या अलीकडं होतं. पन्नाशीचा माणूस, आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग मोबाईल. सरोजनं फोन त्याच्यासमोर ठेवला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "बागवानभाई, ह्यात ह्या लिहितात आणि ते पुसलं जातं. माझ्यावर आळ आहे. बघा आणि खरं काय ते सांगा."

त्यानं आमच्या दोघींकडं पाहिलं. गंमत करायचं त्याच्या ओठावर आलं होतं, ते त्यानं गिळलं. फोन घेतला, खालचं एक बटण दाबलं, आणि पडद्यावर पत्त्यांच्या कॅटासारखी एकामागं एक पानं आली. तो अंगठ्यानं सरकवत गेला, सरकवत गेला.

"मावशी, हे सगळं उघडंय!"

"असू दे की. मी काही बंद करत नाही."

"कशापायी? हवामान, पंचांग, कीर्तन, हे आणखी एक कीर्तन, कॅमेरा, नकाशा... साताऱ्याचा नकाशा कशाला? आंब्याचं लोणचं, परत आंब्याचं लोणचं... आणि इंटरनेटची पानं तर एकेचाळीस."

"बंद केलं की तुटणार नाही का?" मी म्हणाले. "मधेच तोडायचं नाही, अशी सवय आहे आम्हाला."

"एक्सचेंजमधे होत्या त्या," सरोज म्हणाली. आवाज अजून रागाचाच होता, तरी सांगताना तिची मान जरा ताठ झाली. "तीस वर्षं. समोरच्या माणसानं स्वतः ठेवल्याशिवाय कुणाची लाईन तोडली नाही कधी. शपथ असते त्यांना."

मी काचेखाली मांडलेल्या मोबाईलच्या रंगीत कव्हरांकडं बघत राहिले.

"हां, मग आलं लक्षात," बागवान म्हणाला. "हे बघा मावशी. फोनमधे दोन जागा असतात. एक कपाट. फोटो, नंबर, ते त्यात राहतं, ते जात नाही. दुसरी म्हणजे तुमच्या स्वयंपाकाचा ओटा समजा. हातातलं काम त्याच्यावर. ह्या फोनचा ओटा लहान आहे. तुम्ही त्याच्यावर पन्नास भांडी मांडून ठेवली. आता ह्या मावशींनी कीर्तन लावलं, त्या व्हिडिओला जागा लागते मोठी. मग फोन काय करतो? तुमचं मागचं भांडं खाली काढून ठेवतो. विचारत बिचारत नाही तो."

"खाली काढलं तरी भांड्यातलं सांडत नाही," मी म्हणाले.

"इथं सांडतं. तुम्ही परत त्या पानावर गेला की फोन ते पान नव्यानं मागवतो, तिकडनं. तिकडं तर कोरंच आहे ना! तुम्ही लिहिलं, पण 'पाठवा' कुठं दाबलं? मग पान येणार ते कोरंच येणार."

"मग साप कसा गेला?" मी विचारलं.

"कोण साप?"

सरोजनं त्याला साप समजावून सांगितला.

"एका बैठकीत लिहून लगेच पाठवलं असेल," तो म्हणाला. "मधे दुसरं काही उघडलं नसेल."

त्यानं नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. माझं पान काढलं, चौकटीत 'सातारा' लिहिलं. मग कॅमेरा उघडला, नकाशा उघडला, सरोजचं कीर्तन लावलं. बुवांनी दोन वाक्यं म्हटली. मग तो परत माझ्या पानावर आला. पांढरं झालं. निळी रेघ सरकली. सातारा नव्हतं.

"आता हे मी पुसलं का?" बागवान दोन्ही हात वर करून म्हणाला.

सरोज माझ्याकडं बघत नव्हती. "किती झाले?" तिनं त्याला विचारलं.

"काय घ्यायचं ह्याचं! आधी वहीत लिहा मावशी, मग इथं उतरवा. नाहीतर एका बैठकीत लिहा आणि पाठवून मोकळ्या व्हा. आणि हे बंद करत चला हो. तुटत नाही काही."

बाहेर आलो. ऊन चढलं होतं. मला वाटलं आता ती बोलेल, खरं काय ते बघितलंत ना म्हणेल, चार शब्द सुनावेल, आणि मी हात जोडेन. मग घरी जाऊन आम्ही जेवू. पण ती चालत राहिली आणि गोलबागेशी आल्यावर आत शिरून एका बाकावर बसली.

"बसा," ती म्हणाली.

मी बसले.

"मी पुसलं नाही, हे झालं. आता सांगा. असं काय लिहिलं होतं तुम्ही, की ते मी पुसावं?"

"सरोज, चुकलं माझं. माफ कर. सोड आता ते."

"माझं नाव त्यात घातलं नाही म्हणालात. म्हणजे माझंच आहे ते. सांगा."

शेजारच्या बाकावर एक म्हातारा वर्तमानपत्र डोक्यावर धरून झोपला होता. मला उठून जाता आलं असतं. खोटंही सांगता आलं असतं. सापासारखी दहा ओळींची एखादी गोष्ट तिथल्या तिथं रचता आली असती. पण इतके दिवस मी जे बोटानं लिहीत होते ते तोंडाशी येऊन उभं होतं.

"शहात्तर साल," मी म्हणाले. "तुझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. बोधेबाईंचा मुलगा आजारी होता म्हणून मी त्यांच्या पाळीला बसले होते. दुपारची. घरी कुणाला सांगितलं नव्हतं."

तिचे हात मांडीवर होते. ते हलले नाहीत.

"पोस्टातनं पुण्याला जोडायचा कॉल आला. नाव सांगून मागितलेला. मधुकर बेंद्रे यांना बोलवा. माझ्याच बोर्डावर आला तो. मी जोडून दिला, आणि आवाज ओळखला."

"माझा."

"तुझा."

"मला नाही ओळखू आला तुमचा," ती हळूच म्हणाली. "ड्यूटीवर तुम्ही वेगळ्याच आवाजात बोलायचा."

"ऐकायचं नसतं आम्ही. जोडलं की आपल्या कानाची कळ वर करायची. मी केली नाही. तू म्हणालीस, मला इथं कुणी वाईट वागवत नाही, पण माझ्याशी कुणी बोलतच नाही. हे महिना महिना बोलत नाहीत. शुक्रवारच्या सकाळच्या गाडीनं मी निघते. येऊ का?"

सरोजनं डोळे मिटले.

"आणि मी तुझी दोरी ओढली."

"ओढली?"

"तुझ्या बाजूची. बोर्डातनं काढली. आणि मग दुसऱ्या दोरीवरनं तुला सांगितलं, समोरून फोन ठेवला आहे."

"'समोरून फोन ठेवला आहे.' हो. एवढंच. परत लावू का, असं पण विचारलं नाहीत."

"नाही."

"का?"

"तेच लिहीत होते. तिथंच अडत होते दर वेळी. आधी लिहिलं, घराच्या अब्रूसाठी. मग ते खोडलं. खरं नव्हतं ते. नीलू दीड वर्षांची होती. तू तिला सांभाळायचीस, स्वयंपाक तुझ्याकडं होता, म्हणून मी नोकरीवर जात होते. तू गेली असतीस तर सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी मला घरी बसवलं असतं. सरोज, मला नोकरी सोडायची नव्हती."

एवढ्या साध्या शब्दांत ते आजवर मी स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं.

ती रडेल असं मला वाटलं. किंवा उठून निघून जाईल. तिनं माझ्याकडं तोंड वळवलं. चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी आठवण्याची खटपट केल्यासारखं दिसत होतं.

"माझी दोरी ओढलीत," ती म्हणाली. "त्याची नाही."

"नाही. त्याची जोडलेलीच होती."

"मग तुम्हाला ऐकू आलं असेल. तो काय म्हणाला?"

हे मी कधीच लिहिलं नव्हतं. चारही वेळा नाही.

"सांगा, अक्का."

"ये, म्हणाला."

"ये?"

"ये तू. स्वारगेटला उभा राहतो मी. मग हॅलो हॅलो करत राहिला. परत म्हणाला, ये, सरू."

"किती वेळा?"

"काय?"

"ये असं किती वेळा म्हणाला तो?"

"तीनदा."

तिनं मान हलवली. बाजारात भाजीवाला भाव सांगतो तेव्हा हलवते तशी. मग पदरानं तोंड पुसलं, घाम पुसावा तसं, आणि उठली.

"चला. आमटी तशीच राहिलीय."

घरी आल्यावर तिनं फोडणी केली, आम्ही जेवलो. म्हणजे पानं वाढली, थोडं खाल्लं. भांडी घासून, हात कोरडे करून तिनं फोन माझ्यासमोर आणून ठेवला. बागवाननं शिकवलं होतं तसं एकेक पान अंगठ्यानं वर सारून बंद केलं. लोणचं, नकाशा, तिचं कीर्तन, सगळं.

"लिहा," ती म्हणाली.

"नको सरोज. नाही पाठवायचं मला आता ते."

"मला पाठवायचंय. एका बैठकीत लिहायचं, मधे उठायचं नाही. पाणी मी देते."

मी लिहायला घेतलं. ती माझ्या शेजारी, जरा मागं, भिंतीला टेकून बसली होती. वाचत नव्हती. दीड तास लागला. शेवटाला, तो काय म्हणाला, तेही लिहिलं. झालं म्हणाले तेव्हा तिनं विचारलं, "नाव घातलंत?"

"तुझं? नाही घातलेलं."

"घाला. पण जयसिंग कणसेंची बायको म्हणून नको. सरोजिनी आत्माराम घाडगे. त्या नावानं कॉल मागितला होता मी. चिठ्ठीवर तेच असेल."

होतं. कॉलच्या चिठ्ठीवर तेच होतं, मीच लिहिलं होतं माझ्या हातानं. मी नाव घातलं. तिनं बोट पुढं केलं आणि 'पाठवा' तिनंच दाबलं. पान पांढरं झालं. मग त्यावर अक्षरं आली, आपली आठवण पोचली, आभारी आहोत.

"आता नीलूला फोन लावा," ती म्हणाली.

"आत्ता? कशाला?"

"महिनाअखेर सांगणार होता ना तिला. अक्का, मी रागावून म्हणत नाही. खरंच नाही. तुम्ही माझ्याशी वाईट वागला नाहीत कधी. त्या घरात माझ्याशी बोलणाऱ्या तुम्ही एकट्याच होता, तेवढ्यावर तर दिवस काढले मी. पण आता तुम्ही समोर बसून जेवाल आणि मी भाकरी वाढेन, ते नाही व्हायचं माझ्यानं. मला जरा ह्या घरात एकटीला राहू द्या."

मी नंबर लावला. नीलिमानं उचलला, "आई, ह्या वेळेला कसा काय?" असं ती म्हणत होती तोवर सरोजनं माझ्या हातातून फोन घेतला.

"नीलू, मी काकी बोलते. तुझी आई येतेय पुण्याला. हो, राहायलाच... नाही गं, भांडण कसलं?" खिडकीबाहेर कुणीतरी वाळवण उचलत होतं, तिकडं तिनं पाहिलं. "शुक्रवारच्या सकाळच्या गाडीनं बसवून देते तिला. तू स्वारगेटला उभी राहा."